आत्याला आलेला वीट

कामावरून घरी आली की आत्या आधी हात धुवायची. कोपरापर्यंत, तीन वेळा. नखांच्या कडा दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायची. मग हात पुसायची नाही. तसेच हवेत धरून उभी राहायची आणि पाणी सुकलं की बोटांची टोकं नाकाशी नेऊन हुंगायची. एकेक बोट, सावकाश. ते झालं की माझ्याकडे यायची आणि दोन्ही तळहात माझ्या नाकापुढे धरायची.

"बघ गं, वास येतोय?"

"साबणाचा येतोय."

"साबणाच्या खालचा विचारतेय मी."

साबणाच्या खाली काही नसायचं. मी तसं सांगायचे, तिला पटायचं नाही, ती परत बेसिनशी जायची. पुढे पुढे तिच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोलवटायला लागली, भिजलेल्या कागदासारखी. खरं सांगायचं तर त्या हातांकडे बघून मलाही कसंसंच व्हायचं. मी श्वास रोखून हुंगायचे आणि "नाही येत" म्हणायचे.

आत्या जाऊन आता दोन वर्षं होतील. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शिक्षणासाठी मी तिच्याकडे राहत होते. घरात आम्ही तिघं: आत्या, आतोबा आणि मी. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, लग्न होऊन त्याच शहरात पलीकडच्या टोकाला राहायची.

आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत तेवीस वर्षं नोकरीला होती. तिथे धुलाईची यंत्रं भिंतीतच बसवलेली असतात. एका खोलीतून मळके कपडे आत घालायचे, पलीकडच्या खोलीत ते धुऊन बाहेर येतात. मळक्या बाजूच्या माणसाने धुतलेल्या बाजूला जायचं नाही, असा नियम. आत्या मळक्या बाजूला. म्हणजे तेवीस वर्षांत तिने लाखभर चादरी यंत्रात घातल्या असतील, पण त्यातली एकही स्वच्छ झालेली पाहिली नव्हती.

तिचं काम निवडायचं. वॉर्डावरून पिशव्या यायच्या, त्या फोडून टेबलावर पसरायच्या. रक्ताचं एका पिंपात, शी-लघवीचं दुसऱ्यात, ऑपरेशनचं हिरवं तिसऱ्यात, नुसतंच घामेजलेलं चौथ्यात. उन्हाळ्यात पिशवी फोडली की वाफ यायची. मी एकदाच तिचा डबा द्यायला तिथे गेले होते. दारातूनच परत फिरले आणि जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. तो वास नाकात गेला नाही, जिभेवर बसला. आंबलेल्या दुधासारखा, वर औषधाचा गोडसर पापुद्रा. आत्या हातमोजे काढत बाहेर आली, हात धुतले, आणि तिथेच बाकावर बसून चवीने डबा खाल्ला.

"तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"काय वाटायचंय? घाणीला घाण म्हटलं की संपलं. ती बिचारी खोटं तर बोलत नाही."

चादरींत तिला काय काय सापडायचं. कवळ्या, चष्मे, कानातली यंत्रं, एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद, दातांच्या खुणांसकट. सगळं ती एका खोक्यात जमा करून ऑफिसात द्यायची. "लोक दवाखान्यात दात विसरून जातात," ती हसायची, "आणि घरी गेल्यावर हिरड्यांनी चावतात."

अशा बाईला किळस यायला लागली, तीही अचानक, पन्नाशी उलटल्यावर. हातांचं ते धुणं-हुंगणं तेव्हापासूनचं.

आधी तिने हाताने जेवणं सोडलं. प्रत्येक गोष्ट चमच्याने. मग चमचाही उकळत्या पाण्यातून काढून. मग भात परतताना त्यात केस दिसला म्हणून पातेलंच रिकामं केलं. केस नव्हता, पातेल्याचा ओरखडा होता. आतोबा जेवायला बसले की ती उठून गॅलरीत जायची. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. गळ्याखालची हाडं वर आली. हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही, समुपदेशकाशी बोला. कर्मचाऱ्यांसाठी तशी सोय होती: आठवड्याला पन्नास मिनिटं, घरबसल्या, लॅपटॉपवर.

"म्हणजे आता डोकं तपासायचं," आतोबा म्हणाले. "बोलून किळस थांबली असती तर लेकीशी रोज तासभर बोलतेस, तेव्हाच थांबली असती."

आतोबांबद्दल मी निर्मळ मनाने लिहू शकणार नाही, तेव्हा प्रयत्नही करत नाही. ते नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. सकाळी सहाला बेसिनशी उभे राहून घशाच्या तळातून काहीतरी ओढून वर आणायचे, आणि आणलेलं बघायचे. काडीने दात कोरायचे आणि काडी टेबलाच्या कडेला पुसायचे. पायाची नखं कापून सोफ्याच्या फटीत सारायचे. मी एकदा रिमोट शोधायला त्या फटीत हात घातला होता. ती मूठभर पिवळी चंद्रकोरं बोटांना लागली ती अजून लागलेली आहेत.

आत्या लॅपटॉपपुढे बसायला तयार झाली ती डॉक्टरांसाठी नाही. आतेबहिणीला सहावा महिना होता. बाळ तीन महिन्यांचं झालं की तिला कामावर परत जायचं होतं आणि दिवसभर बाळ आत्याकडे राहायचं, हे ठरलेलं. आत्या तोवर नोकरी सोडणार होती. पण एके दिवशी बहीण आली असता तिला उलटी झाली, आणि तिचं तोंड धुवायला आत्या पुढे होईना. दारात उभी राहिली, पदराने नाक दाबून, आणि मग स्वतःच धावत गॅलरीत गेली.

तोंड पुसून झाल्यावर बहीण म्हणाली, "आई, मी तुला जोर करत नाही. पण तुला बाळाची लाळ बघवणार नसेल तर आत्ताच सांग. मला पाळणाघरात नाव घालून ठेवायला लागेल. तिथे यादी असते."

"नको घालूस नाव," आत्या म्हणाली. "मी होते नीट."

"आणि नाही झालीस तर?"

त्याच संध्याकाळी आत्या माझ्याकडे येऊन म्हणाली, "ते लॅपटॉपवरचं लाव."

तिने बसायचं माझ्या खोलीत, असं ठरलं. एक खाट, एक टेबल, वर आडवी दोरी, दोरीवर माझे कपडे. दार पावसाळ्यात फुगून बसलेलं, पुरतं लागायचं नाही, म्हणून आतून स्टूल लावायचं.

आधी फॉर्म आला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी वाचायचे, आत्या सांगायची.

"झोप विचारली, भूक विचारली, उदास वाटतं का विचारलं. किळसेचा रकाना कुठाय?"

"नाहीये."

"मग हे कसलं गं दुकान, जे घ्यायला आले तेच नाही."

मग संमतीचं पान. बोललेलं बाहेर जाणार नाही. फक्त जिवाला धोका आहे असं वाटलं तर कळवावं लागेल. त्यासाठी जवळच्या एका माणसाचा नंबर द्या. आत्याने थोडा वेळ त्या चौकोनाकडे पाहिलं आणि माझा नंबर घालायला सांगितला.

समुपदेशक बाई तिशीच्या असतील. आखूड केस, मागे पांढरी भिंत. शाळा-कॉलेज सगळं दुसऱ्या भाषेत झालेलं. पहिल्याच मिनिटाला त्यांनी ते सांगून टाकलं. "ताई, माझं मराठी घरातलं आहे. जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यापुरतं. चुकलं तर मला थांबवा." मग विचारलं, तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, खोलीत दुसरं कुणी आहे का. नेट गेलं तर पाच मिनिटांत मी फोन करीन. आज मी नुसतं विचारीन, लगेच उपाय सांगणार नाही.

मी जायला निघाले तेवढ्यात आत्याने कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही कोण म्हातारी मला तिच्या नाकपुड्या दाखवतेय?" तो चौकोन तिचाच होता. लॅपटॉप खाली ठेवलेला, त्यात गळ्याची लोंबती कातडी आणि नाकाची भोकं तेवढी दिसत होती. बाईंनी सांगितलं, तो बंद करता येतो, पुष्कळांना स्वतःला बघवत नाही. मी बंद केला आणि बाहेर आले.

वीस मिनिटांनी लॅपटॉप आपटल्याचा आवाज आला. आत्या स्टूल पाडून बाहेर आली आणि सरळ बेसिनवर वाकली.

"काय बोलल्या त्या?"

"बोलली काही नाही." तिने चूळ भरली. "बाई वाईट नाही गं. पण ती पाणी प्याली."

"मग?"

"ते इयरफोन लावून दिलेस ना तू. ती माझ्या कानात प्याली. घशातून खाली जाताना ऐकलं मी. घटक घटक. तिचा गळा माझ्या कानात."

पाच मिनिटांनी सांगितल्याप्रमाणे फोन आला. आत्याने वीज गेली म्हणून सांगितलं. पंखा डोक्यावर गरगरत होता.

पुढच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, खरं ते सांग. आपण केस कापणाऱ्याला सांगतोच ना, कानाला कात्री लागतेय म्हणून. तिने सांगितलं. त्या दिवशी खोलीतून बाहेर आली ती चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव घेऊन, कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर फुलं आणून दिल्यासारखा.

"तिला राग नाही आला. मी म्हटलं, तुमच्या गिळण्याची मला किळस येते. तर ती म्हणते, थँक्यू. म्हणते, अजून माझ्या कशाकशाचा आवाज येतो?"

तेव्हापासून बाई पाणी प्यायच्या आधी बोट वर करायच्या, आवाज बंद करायच्या, प्यायच्या आणि परत यायच्या. आत्याला त्याची गंमत वाटायची. "शाळेतल्या पोरीसारखं बोट दाखवते बिचारी," म्हणायची.

बाईंनी एक वही ठेवायला सांगितली. किळस आली की वेळ, जागा, कशाची, आणि दहापैकी किती. आत्याने ती वही नंतर मला दाखवली होती. अक्षर मोठं, शाळकरी. सकाळी सहा, ह्यांचं खाकरणं, सात. सव्वासात, दुधावरची साय ओठाला लागली, सहा. साडेसात, कणीक मळताना बोटांना चिकटली, नऊ. मग दुपारभर कोरं. कामाच्या सहाही दिवशी दुपार कोरी. एका जागी तिने लिहून ठेवलं होतं: कामावर, काही नाही. संध्याकाळी परत सुरू. हात, नऊ. हात, नऊ. हात, दहा.

तिसऱ्या वेळी बाईंनी त्या कोऱ्या दुपारींवर बोट ठेवलं. सगळं जग जिथे नाक दाबतं तिथे तुम्हाला काहीच होत नाही. असं का होत असेल?

"मी म्हटलं, तिथे हातमोजे असतात." आत्या मला सांगत होती. "त्यावर ती गप्पच. नुसती बघत बसली. मला वाटलं नेट अडकलं. मी म्हटलं, हॅलो, हॅलो. तर म्हणे, मी इथेच आहे ताई. असं गप्प बसायचे पैसे कोण देतं गं यांना?"

पण ती हे हसत सांगत नव्हती. बोलता बोलता स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती.

चौथी वेळही रविवारी सकाळीच होती. मी स्वयंपाकघरात. आतोबा बाहेरच्या खोलीत असायला हवे होते. पण पेपर सोफ्यावर पडलेला आणि ते माझ्या खोलीच्या दाराशी, हातात रिकामा पेला घेऊन. पाणी आणायला निघालेला माणूस वाटेत थांबावा तसे. पण पाणी माझ्या बाजूला होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पेल्यात पाहिलं. ते दर रविवारी तिथे उभे असणार, हे मला तेव्हा कळलं. मला ते ओंगळ वाटलं. कुणाचं पत्र फोडून वाचावं आणि वर त्यावर थुंकीची बोटं उमटवावीत, तसं.

कानात इयरफोन असले की माणूस मोठ्याने बोलतं. आत्याचा आवाज दाराबाहेर स्वच्छ येत होता.

"काय सांगू आता. ह्यांचा वीट आलाय मला. वीट हो, वीट. ... कुठून आली म्हणजे? ... अं? काय?" आणि मग घरभर ऐकू जाईल असं, "ह्यांनी वीट मारली?"

स्टूल आडवं झालं. आतोबा आत.

"मी? मी वीट मारली? केव्हा मारली? अगं घरात वीट तरी आहे का?"

हातवारे करताना इयरफोनची वायर त्यांच्या बोटात अडकून निघाली, आणि बाईंचा आवाज खोलीत पसरला. तो घाबरलेला नव्हता, पण फार सावध होता. "ताई, तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? फक्त हो किंवा नाही म्हणा. बाकी काही बोलू नका."

मी दारात पोचले तेव्हा आत्या दोन्ही हातांनी तोंड दाबून हलत होती. मला वाटलं उलटी. ती हसत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो बाई, ती वीट नव्हे. भिंतीची नव्हे. तो वीट! वीट येणं." तिने डोळे पुसले. "कसं सांगू तुम्हाला. कंटाळ्याचा थोरला भाऊ. किळसेचा धाकटा."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, तरी त्या हसल्या नाहीत. "माझी चूक झाली. माफ करा. पण खोलीत कोण आलंय, ताई?"

"ज्यांनी वीट मारली ते."

"हा वेळ ताईंचा आहे," बाई आतोबांना म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा, प्लीज."

"माझ्याच घरात माझ्यावर आरोप, आणि मीच बाहेर थांबू?"

"राहू देत," आत्या म्हणाली. "दारामागून ऐकतात, त्यापेक्षा समोरून ऐकू देत."

आतोबांनी पेला टेबलावर ठेवला. मी निघून जायला हवं होतं. गेले नाही.

बाईंनी विचारलं, "ताई, म्हणजे वीट आणि किळस वेगळं?"

"वेगळं तर. वीट रोजच्या गोष्टीचा येतो. तेच ते खाकरणं, तेच ते टोमणे. त्याने माणूस मरत नाही, जेवण सुटत नाही. तीस वर्षं मला ह्यांचा वीट आहे आणि मी नीट जेवत होते." ती थांबली. मग बोलली ते स्वतःशीच, चादर पिंपात टाकण्याआधी कशाचा डाग आहे ते बघावं तशी. "वीट आहे तो ह्यांचा. किळस येते ती माझी. माझ्या हातांची."

बाई परत नुसत्या बघत राहिल्या. या वेळी आत्याने हॅलो म्हटलं नाही.

"केव्हापासून?" बाईंनी विचारलं.

"लेकीने बाळाचं सांगितलं त्या दिवशीपासून. सगळे जेवायला होतो." आत्या आतोबांकडे वळली. "तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"काय म्हणालो?"

"आठवा."

"अगं किती गोष्टी बोलतो माणूस."

"म्हणालात, आता नातवंडालाही हिच्या हातचं खावं लागणार. दिवसभर हे हात कशाकशात असतात ठाऊक आहे ना? मी तर तीस वर्षं डोळे मिटून गिळतोय."

"ती गंमत होती!"

"सगळे हसले," आत्या म्हणाली. "जावयाच्या तर नाकातून पाणी आलं. मीही हसले. हसत हसत वाढलं."

मीही हसले होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण.

"ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, बाई, सहा वर्षांपूर्वी. शी जायला पोटाला पिशवी लावलेली. चार महिने. सकाळी कामावर जायच्या आधी ती बदलायची, आल्यावर परत. मी हातमोजे आणले होते कामावरून. हे म्हणाले, मोजे नको घालूस, परक्यासारखं वाटतं." तिने दोन्ही तळहात पुढे धरले, लॅपटॉपपुढे की आतोबांपुढे ते कळेना. "म्हणून मी नाही घातले. ह्याच हातांनी. तेव्हा नाही डोळे मिटलेत ते?"

आतोबा काहीतरी बोलायला गेले आणि त्यांच्या घशात कफ अडकला. त्यांनी खाकरलं. त्या शांततेत तो आवाज इतका ओला, इतका निर्लज्ज वाटला की मला त्यांना लोटून बाहेर काढावंसं वाटलं. तेच उठले आणि गेले. बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला.

"ताई," बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला कसं वाटतंय?"

"मळमळतंय," आत्या म्हणाली. "पण भूकही लागलीय."

सगळं त्या दिवशी बरं झालं असं सांगितलं तर तो खोटेपणा होईल. त्या दुपारी तिने अर्धी पोळी चमच्याने तोडायचा प्रयत्न केला, मग हाताने खाल्ली, आणि तासाभराने ओकून टाकली. आतोबांनी माफी मागितली नाही. ते आपलं ताट घेऊन टीव्हीपुढे बसायला लागले, एवढंच. एकदा मला म्हणाले, "आता या घरात विनोद करायलाही परवानगी काढावी लागणार." मी त्यांचं उष्टं ताट उचललं नाही. ते तिथेच वाळलं, कडेला शितं चिकटून, माशी बसून. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः घासलं. वाईट घासलं, पण घासलं.

बाईंचं म्हणणं असं की किळस जाईलच असं मी सांगू शकत नाही; ती असतानाही हवं ते करता येईल, हे आपण बघू. आत्याला हे अजिबात आवडलं नाही. "दात काढायला जावं आणि दंतवैद्याने म्हणावं, दुखू दे, तू चावायला शीक," ती कुरकुरली. तरी शिकली. पायऱ्या आखल्या. आधी हात दोनदाच धुवायचे. मग एकदा. मग कणीक मळून झाल्यावर पाच मिनिटं हात तसेच ठेवून बसायचं. त्या पाच मिनिटांत बाई पडद्यावर समोर असायच्या, आणि आत्या पिठाळलेली बोटं फाकवून त्यांना शिव्या घातल्यासारखं बोलत राहायची. बाईंनाही तोवर चार शब्द जास्त आले होते. एकदा त्यांनीच विचारलं, "आज किळस आहे की नुसता वीट?" आत्याने तो विनोद आठवडाभर सांगितला.

मला हात हुंगायला न लावणं हीही त्यातली एक पायरी होती. पहिल्या दिवशी आत्या कामावरून आली, हात धुतले, माझ्या दारापर्यंत आली आणि तशीच उभी राहिली. "अभ्यास कर," म्हणाली, आणि गेली.

हॉस्पिटलच्या सोयीतल्या आठ वेळा संपल्या तेव्हा तिचं वजन चार किलो वाढलं होतं. पुढे बाईंनी महिन्यातून एकदा वेळ दिली. बहिणीला मुलगी झाली, आत्याने नोकरी सोडली. तीन महिन्यांनी बहीण तिला घेऊन आली, पिशवी, बाटल्या, लंगोट, सूचनांचा कागद. पाळणाघरात तिने नाव घालूनच ठेवलं होतं, ते अजून काढलं नव्हतं. ते तिने आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

आत्याने बाळाला घेतलं. उघड्या हातांनी. तिच्या कपाळावर घाम होता. मिनिटभर सगळं ठीक. मग बाळाने मान वळवली आणि दूध ओकलं, कोमट, आंबूस, फाटलेलं, थेट तिच्या तळहातावर. ते बोटांच्या फटींतून ओघळून मनगटाकडे निघालं.

बहीण पुढे झाली. "दे आई, मी घेते."

आत्या हलली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने बाळ माझ्याकडे दिलं, बेसिनशी गेली आणि ओकली. आम्ही ऐकत होतो. बहिणीने पिशवीची चेन लावायला घेतली. बेसिनचा नळ थांबला. आत्या तोंड पुसत आली आणि तिने हात पुढे केले, ओले.

"आण इकडे. झालं माझं. तिचंही झालं, माझंही झालं."

बहीण कामावर गेली. त्या आठवड्यात आत्या आणखी दोनदा ओकली. वही तिने चालू ठेवली होती. बाळाची शी, आठ. बाळाची शी, आठ. मग एके दिवशी पाच. आतोबांचं खाकरणं सातवरून कधी खाली आलं नाही, आणि ते यावं असं तिला वाटतही नव्हतं. "तो आकडा राहू दे," म्हणायची. "ते माझ्या नाकाचं नाही, त्यांच्या घशाचं आहे." त्याच महिन्यात बहिणीने पाळणाघरात फोन करून नाव काढलं.

दीड वर्षाने आत्या गेली. झोपेतच, हृदय बंद पडलं. मी शिक्षण संपवून दुसऱ्या गावी गेले होते, तिथून आले. घरात माणसं बसलेली. आतोबा मधोमध, मोठा रुमाल नाकाला लावून. प्रत्येकाला सांगत होते, "तिच्या हाताची चव कुणाला येणार नाही. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातचं गोड मानलं नाही." आणि लोक मान हलवत होते. मला इतकी शिसारी आली की मी चपला न घालता खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ते खोटं बोलत नसतील, असंही मला तेव्हा वाटलं, आणि त्याचीच जास्त शिसारी आली.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला फोन केला होता. खास काही नव्हतं. नव्या खोलीतल्या ढेकणांबद्दल मी सांगत होते. तिने ढेकणांवर औषध सांगितलं, गादी उन्हात टाक म्हणाली. मागे बाळाचा आवाज येत होता, फुरफुर, काहीतरी आपटणं. मग आत्या मधेच म्हणाली, "थांब गं जरा, हिचं नाक वाहतंय. रुमाल कुठं टाकला कोण जाणे. हातानेच पुसते."